गेट(नल): स्टॅटिक फील्ड आणि रिफ्लेक्शनचा थोडा इतिहास

जावामध्ये रिफ्लेक्शन वापरून एखादं फील्ड वाचायचं असेल तर दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक, कोणतं फील्ड. दोन, कोणत्या ऑब्जेक्टमधलं. पहिल्याचं उत्तर म्हणून 'फील्ड' नावाच्या क्लासचा एक ऑब्जेक्ट हातात घ्यायचा आणि त्याच्या 'गेट' मेथडला दुसऱ्याचं उत्तर द्यायचं. फील्ड स्टॅटिक असेल तर मात्र दुसऱ्या उत्तराच्या जागी 'नल' लिहायचं. जावाचं अधिकृत डॉक्युमेंटेशनही हेच सांगतं: फील्ड स्टॅटिक असेल तर दिलेल्या ऑब्जेक्टकडे बघितलंच जात नाही, तो नल असला तरी चालतो.

आपल्यापैकी बहुतेकांनी हे एका ओळीत पाठ केलेलं असतं. स्टॅटिक फील्ड ऑब्जेक्टचं नसतं, क्लासचं असतं, म्हणून नल. परीक्षेत एवढं लिहिलं तर मार्क मिळतात. पण संशोधनाची तयारी करत असाल तर इथे जरा थांबा आणि एक साधा प्रश्न विचारा. फील्ड क्लासचं आहे ना? आणि जावामध्ये क्लाससुद्धा रनटाइमला एक ऑब्जेक्ट म्हणून उपलब्ध असतो ना? मग त्या जागी तो क्लास का देत नाहीत? नल का?

तांत्रिक उत्तर सोपं आहे. आपण कोणत्या क्लासमध्ये जाहीर झालो हे 'फील्ड' ऑब्जेक्टला आधीच माहीत असतं, त्यामुळे आणखी काही सांगायची गरज नसते. पण 'गरज नाही' आणि 'जागा कोरी सोडा' यांत फरक आहे. ती कोरी जागा दोन वेगळ्या घराण्यांचा सांधा आहे. 'स्टॅटिक' एका घराण्यातून आलं, रिफ्लेक्शन दुसऱ्या, आणि दोघांचं लग्न १९९७ मध्ये थोडं घाईत लागलं. आज त्याचीच गोष्ट.

पहिलं घराणं: 'स्टॅटिक'

क्लास आणि ऑब्जेक्ट ही कल्पना ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नुगार्ड यांनी सिम्युला ६७ या भाषेत मांडली. सिम्युला ब्लॉकची भाषा होती. एका ब्लॉकच्या आत दुसरा ब्लॉक, क्लासच्या आत क्लास. सगळ्या ऑब्जेक्टना मिळून एखादी सामाईक गोष्ट हवी असेल तर ती बाहेरच्या ब्लॉकमध्ये ठेवता येत होती.

'स्टॅटिक' हा शब्द मात्र सी भाषेचा. सीमध्येच त्याचे दोन अर्थ होते. फंक्शनच्या आत लिहिला तर व्हेरिएबल फंक्शन संपल्यावरही जिवंत राहतं. फाइलच्या पातळीवर लिहिला तर ते नाव त्या फाइलबाहेर दिसत नाही. बियार्न स्ट्राउस्ट्रप यांच्या सी++ मध्ये तोच शब्द तिसऱ्या कामाला लागला: क्लासच्या सगळ्या ऑब्जेक्टमध्ये मिळून एकच प्रत असलेलं फील्ड. जुन्या वाड्यातली विहीर असते ना, तसं. बिऱ्हाडं दहा, प्रत्येकाची चूल वेगळी, विहीर एकच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. सी++ मध्ये क्लास हा प्रोग्राम चालताना भेटणारा कोणी 'माणूस' नव्हता. तो कंपायलरच्या डोक्यातला आराखडा होता. प्रोग्राम चालायला लागला की आराखडा जवळपास नाहीसा होतो, विहीर तेवढी मेमरीत उरते. त्यामुळे 'विहीर कोणाची' हा प्रश्न रनटाइमला कोणी विचारतच नव्हतं.

दुसरं घराणं: रिफ्लेक्शन

दुसरीकडे लिस्प. जॉन मॅकार्थी यांचा लिस्पवरचा प्रसिद्ध शोधनिबंध १९६० चा. त्यात 'इव्हॅल' नावाचं एक फंक्शन होतं, जे लिस्पमध्येच लिहिलेलं असून लिस्पचा कोणताही प्रोग्राम चालवू शकत होतं. स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम ७०४ वर प्रत्यक्षात उतरवलं. प्रोग्राम हाच डेटा, आणि डेटा हाच प्रोग्राम. आपलंच पोट उघडून बघता येणारी भाषा.

या कल्पनेला 'रिफ्लेक्शन' म्हणून नेमकं रूप दिलं ब्रायन कँटवेल स्मिथ यांनी, १९८२ च्या एमआयटीतल्या पीएचडी प्रबंधात. त्यांची ३-लिस्प ही भाषा म्हणजे स्वतःच्या इंटरप्रिटरवर इंटरप्रिटर, त्यावर पुन्हा इंटरप्रिटर, असा कल्पनेत न संपणारा मनोरा. स्मिथ यांची अट कडक होती. प्रोग्रामकडे स्वतःचं वर्णन असायला हवंच, पण ते वर्णन आणि प्रत्यक्ष वागणूक एकमेकांना बांधलेली हवीत. वर्णन बदललं की वागणूक बदलली पाहिजे. पॅटी मेस यांनी १९८७ च्या ऊपस्ला परिषदेतल्या शोधनिबंधात हीच अट ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषांना लावली.

त्याच्याही आधी झेरॉक्स पार्कमध्ये अॅलन के, डॅन इंगल्स आणि अॅडेल गोल्डबर्ग यांच्या गटाने स्मॉलटॉक घडवली होती. तिथे क्लास हा खराखुरा ऑब्जेक्ट. त्याला मेसेज पाठवता येतो, त्याचा स्वतःचा क्लास असतो, आणि स्मॉलटॉक-८० मध्ये प्रत्येक क्लासला आपापला मेटाक्लास मिळाला. म्हणजे वाडा हाच एक रहिवासी झाला. त्याला हाक मारता येते, तो उत्तर देतो, आणि सबक्लास त्या उत्तरात बदल करू शकतो. 'कोणत्या ऑब्जेक्टमधलं?' या प्रश्नाची जागा स्मॉलटॉकमध्ये कोरी राहत नाही. क्लासच्या पातळीवरच्या गोष्टीसाठी उत्तर आहे: क्लास.

१९९७: लग्न

जावा १.० जानेवारी १९९६ मध्ये बाहेर पडली. मांडणी सी++ च्या लोकांना ओळखीची वाटेल अशी होती, त्यामुळे 'स्टॅटिक' तसाच आला. त्याच वेळी रनटाइम मात्र स्मॉलटॉकच्या वळणाचा होता: व्हर्च्युअल मशीन, कचरा आपोआप गोळा करणं, चालू प्रोग्राममध्ये नवा क्लास नावाने लोड करणं. 'क्लास' नावाचा क्लास पहिल्या आवृत्तीपासून होता, पण त्याच्याकडून फार काही कळत नव्हतं.

फेब्रुवारी १९९७ मध्ये जेडीके १.१ आलं आणि त्याबरोबर रिफ्लेक्शनचं पॅकेज: फील्ड, मेथड, कन्स्ट्रक्टर. गरज व्यवहारातली होती. त्याच आवृत्तीत जावाबीन्स होते, आणि ते वापरणाऱ्या टूलला अनोळखी क्लासमध्ये काय काय आहे हे बघायचं होतं. सीरियलायझेशनही त्याच आवृत्तीत आलं.

आता स्मिथ यांची अट आठवा. जावाच्या रिफ्लेक्शनमध्ये वर्णन वाचता येतं, फील्डची किंमत वाचता-बदलता येते, मेथड बोलावता येते. पण क्लासचं वर्णन बदलून भाषेची वागणूक बदलता येत नाही. म्हणून कडक शब्दांत बोलायचं तर हे बरंचसं 'इंट्रोस्पेक्शन' आहे, आत्मनिरीक्षण. व्हायवामध्ये हा फरक विचारला जाऊ शकतो, नीट समजून घ्या.

आणि सांधा इथे आहे. क्लास ऑब्जेक्ट म्हणून हजर होता, पण स्टॅटिक फील्ड त्या ऑब्जेक्टचं फील्ड नव्हतं. आराखड्याची विहीर आराखड्याकडेच राहिली. स्टॅटिक मेथडला सबक्लासमध्ये ओव्हरराइड करता येत नाही, आणि 'या इंटरफेसच्या प्रत्येक क्लासकडे अमुक नावाचं स्टॅटिक फील्ड असलंच पाहिजे' असा करारही भाषेत लिहिता येत नाही. म्हणजे क्लासला एखादा प्रश्न विचारायची सोय भाषेत नाही. रिफ्लेक्शनमध्ये आहे, पण विचारताना समोर कोणी नसतं. समोर नल.

नावावर चालणारे करार

भाषेत जे म्हणता येत नाही ते लोक कुठेतरी म्हणतातच. जावाच्या लोकांनी ते स्टॅटिक फील्डच्या नावात म्हटलं.

पहिलं उदाहरण खुद्द जेडीकेमधलं. क्लास सीरियलायझेबल असेल तर त्यात 'सीरियल-व्हर्जन-यूआयडी' नावाचं स्टॅटिक, फायनल, लाँग प्रकारचं फील्ड लिहितात. प्रायव्हेट असलं तरी चालतं. हे फील्ड तुमच्या कोडमध्ये कुठेच वापरलेलं दिसत नाही, म्हणून नवखा विद्यार्थी ते बिनकामाचं समजतो. ते वाचतं कोण? सीरियलायझेशनची यंत्रणा. जेडीकेच्या सोर्स कोडमध्ये बघा: नावाने फील्ड शोधलं जातं, ते स्टॅटिक आणि फायनल आहे का हे तपासलं जातं, प्रायव्हेटची अट बाजूला सारली जाते आणि मग नल देऊन किंमत काढली जाते. नावातलं एक अक्षर चुकलं तर कंपायलर गप्प राहतो. यंत्रणा फील्ड नाही असं समजते आणि क्लासच्या रचनेवरून स्वतःच आकडा काढते. पुढे कधीतरी क्लासमध्ये एक मेथड वाढवली, तो आकडा बदलला, की जुना साठवलेला डेटा वाचायला नकार मिळतो. अशा सदस्यांवर लावून ठेवायची 'सीरियल' नावाची खूण जावा १४ मध्ये, म्हणजे २०२० साली आली, जेणेकरून कंपायलरला चूक दाखवता यावी. करार १९९७ चा, तपासणीची सोय २३ वर्षांनी.

दुसरं उदाहरण अँड्रॉइडचं. एका अॅक्टिव्हिटीकडून दुसरीकडे ऑब्जेक्ट पाठवायला तो पार्सलेबल करतात, आणि त्यात 'क्रिएटर' नावाचं स्टॅटिक फील्ड असावंच लागतं. इंटरफेस ही सक्ती करू शकत नाही, म्हणून ती डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिली आहे आणि तपासणी रनटाइमला रिफ्लेक्शनने होते.

तिसरं जरा गमतीचं. मार्टिन ओडरस्की यांच्या स्कालामध्ये 'स्टॅटिक' शब्दच नाही. त्याऐवजी एकुलता एक ऑब्जेक्ट जाहीर करतात. पण स्काला जावाच्याच व्हर्च्युअल मशीनवर चालते. त्यामुळे तो ऑब्जेक्ट शेवटी एका स्टॅटिक फील्डमध्येच जाऊन बसतो, ज्याचं नाव 'मॉड्यूल' आणि त्यापुढे डॉलरचं चिन्ह. कॉटलिनमध्ये त्या फील्डचं नाव 'इन्स्टन्स'. रिफ्लेक्शनने ते मिळवायचं असेल तर पुन्हा गेट(नल). घर बदललं, पाणी त्याच विहिरीचं.

दअनसेफ: एक प्रायव्हेट फील्ड

आता सगळ्यात मोठं प्रकरण. २००२ मध्ये जेडीकेच्या आतल्या वापरासाठी 'अनसेफ' नावाचा क्लास आला. मेमरी थेट वाचणं-लिहिणं, अशी जावामध्ये एरवी न करता येणारी कामं तो करत असे. बाहेरच्यांनी वापरू नये म्हणून दारावर पहारा होता: 'गेट-अनसेफ' ही मेथड बोलावणारा क्लास जेडीकेचा नसेल तर सिक्युरिटी एक्सेप्शन.

पण त्या क्लासचा एकमेव ऑब्जेक्ट 'दअनसेफ' नावाच्या प्रायव्हेट स्टॅटिक फील्डमध्ये ठेवलेला होता. आणि डिसेंबर १९९८ च्या जावा १.२ पासून रिफ्लेक्शनमध्ये 'सेट-अॅक्सेसिबल' ही मेथड होती. तिला 'ट्रू' दिलं की प्रायव्हेटची तपासणी थांबते. म्हणजे तीन ओळी: नावाने फील्ड मिळवा, अॅक्सेसिबल करा, गेट(नल). पुढच्या दाराला पहारेकरी, मागचं दार सताड उघडं.

या तीन ओळी जगभर पसरल्या. नेटी, कॅसँड्रा, हॅझलकास्ट अशा वेग लागणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या होत्या, कारण तेवढ्या वेगाचा दुसरा अधिकृत रस्ता नव्हता. मग २०१५ च्या सुमारास जावा ९ ची तयारी चालू असताना आतले क्लास बंद करायची चर्चा निघाली, आणि मोठा गदारोळ झाला. वाद दोन्ही बाजूंनी खरा होता. प्लॅटफॉर्मचे लोक म्हणत, प्रायव्हेट गोष्टीवर जग उभं असेल तर आम्ही आत काहीच बदलू शकत नाही. लायब्ररीवाले म्हणत, तुम्ही दुसरा रस्ता दिलाच नाही.

तोडगा जेईपी २६० मध्ये निघाला: पर्याय मिळेपर्यंत अनसेफ खुला ठेवायचा. त्यासाठी एक वेगळं मॉड्यूल केलं, ज्याच्या नावातच 'अनसपोर्टेड' आहे. मे २०१७ मध्ये मॉड्यूल पद्धतीचा प्रस्ताव जावाच्या कार्यकारी समितीत पहिल्या मतदानात १० विरुद्ध १३ असा पडला होता. बदल करून जूनमध्ये तो मंजूर झाला आणि सप्टेंबर २०१७ मध्ये जावा ९ आली.

भिंती उभ्या राहतात

जावा ९ पासून आतल्या पॅकेजमध्ये रिफ्लेक्शनने शिरलात तर इशारा येऊ लागला. मार्च २०२१ च्या जावा १६ मध्ये नकार हाच नियम झाला आणि सप्टेंबर २०२१ च्या जावा १७ मध्ये तो एका पर्यायाने सरसकट सैल करायची सोयही गेली. त्या वेळी कितीतरी प्रोजेक्ट नवीन जावावर चालेनात, कारण तीन-चार पायऱ्या खालची कुठली तरी लायब्ररी कोणाच्या तरी प्रायव्हेट फील्डवर विसंबून होती. 'दअनसेफ'चं दार मात्र त्या 'अनसपोर्टेड' मॉड्यूलमुळे तेव्हाही उघडं राहिलं.

फायनल फील्डची गोष्ट अशीच. स्टॅटिक फायनल फील्ड रिफ्लेक्शनने बदलता येत नाही असा नियम. लोकांनी युक्ती काढली: 'फील्ड' क्लासच्याच आत 'मॉडिफायर्स' नावाचं प्रायव्हेट फील्ड आहे, रिफ्लेक्शनने त्यातली फायनलची खूण पुसायची. रिफ्लेक्शनवर रिफ्लेक्शन, स्मिथ यांच्या मनोऱ्याची गल्लीतली आवृत्ती. मार्च २०१९ च्या जावा १२ मध्ये ते फील्ड रिफ्लेक्शनला दिसणंच बंद केलं. पण युक्ती चालत होती तेव्हाही तिचा भरवसा नव्हता. आकडा किंवा स्ट्रिंग असलेलं स्थिरमूल्य कंपायलर वापराच्या ठिकाणी थेट चिकटवून टाकतो. फील्ड बदललं तरी चिकटवलेली प्रत जुनीच राहते. वर्णन आणि वागणूक सुटी पडली, म्हणजे स्मिथ यांनी जी अट घातली होती तीच मोडली.

अनसेफला पर्याय यायला मात्र वेळ लागला. जावा ९ मध्ये 'व्हार-हँडल' आलं, मार्च २०२४ च्या जावा २२ मध्ये बाहेरची मेमरी हाताळायची अधिकृत एपीआय पक्की झाली. त्यानंतरच, सप्टेंबर २०२४ च्या जावा २३ मध्ये, अनसेफच्या मेमरीवाल्या मेथड काढून टाकायच्या यादीत गेल्या, आणि २०२५ च्या जावा २४ पासून त्या वापरल्या की इशारा येतो. आधी रस्ता बांधला, मग मागचं दार बंद करायला घेतलं. हाच क्रम वीस वर्षांपूर्वी पाळता आला असता का, हा प्रश्न आपल्यासारख्यांसाठी आहे.

यात संशोधन कुठे आहे?

पहिली जागा: विश्लेषण. प्रोग्राम न चालवता त्याच्याबद्दल काही सिद्ध करायचं असेल तर कोण कोणाचं फील्ड वाचतं हे कळायला हवं. रिफ्लेक्शनमध्ये फील्डचं नाव स्ट्रिंग असतं, आणि ती स्ट्रिंग फाइलमधून किंवा नेटवर्कवरूनही येऊ शकते. लिवशित्स, व्हेली आणि लॅम यांनी २००५ मध्ये अशा स्ट्रिंगचा माग काढून रिफ्लेक्शन सोडवायचा प्रयत्न केला. २०१५ मध्ये लिवशित्स आणि इतर अनेकांनी मिळून एक वाचण्यासारखा लेख लिहिला, त्याचा गाभा असा: बहुतेक विश्लेषणं रिफ्लेक्शनकडे थोडा कानाडोळा करतात, तर निदान ते उघडपणे लिहा. प्रबंधाचं मर्यादांचं प्रकरण लिहिण्याआधी तो वाचाच. ग्राल-व्हीएमच्या नेटिव्ह इमेजमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. टूलला स्वतःहून न कळणारा रिफ्लेक्शनचा वापर आधीच यादीत लिहून द्यावा लागतो.

दुसरी जागा: भाषेची रचना. गिलाड ब्राखा आणि डेव्हिड उंगार यांनी २००४ मध्ये 'मिरर' ही कल्पना तपशिलाने मांडली. ऑब्जेक्टने स्वतःच आपलं पोट उघडून दाखवायचं नाही. आरसा वेगळा, आणि तो कोणाच्या हातात द्यायचा हे ठरवता आलं पाहिजे. ब्राखा हे जावाच्या भाषा-विनिर्देशाचे एक लेखक, आणि त्यांनी पुढे केलेल्या न्यूस्पीक भाषेत स्टॅटिक अजिबात नाही. तिथे क्लासच्या आत क्लास आहेत, सिम्युलाच्या वळणाने.

तिसरी जागा मला सगळ्यात मोकळी वाटते: नावावर चालणारे करार. वर तीन सांगितले. मोठ्या लायब्ररींमध्ये असे आणखी किती आहेत, ते कोडवरून आपोआप शोधता येतील का, आणि सापडले तर कंपायलरला ते कसे सांगायचे?

पेटच्या मुलाखतीत 'हा विषय का निवडला' असं विचारतात तेव्हा 'रिफ्लेक्शन महत्त्वाचं आहे' हे उत्तर पुरत नाही. 'गेट-अनसेफला पहारा होता, पण दअनसेफ फील्ड उघडं होतं, आणि ते बंद करायला वीस वर्षांहून जास्त लागली. असं मागचं दार आधीच ओळखता येईल का' हे उत्तर पुरतं. असे प्रश्न शोधायला वेगळी जागा लागत नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये 'हे दिलं नाही तरी चालतं' अशी ओळ दिसली की 'कोणत्या आवृत्तीपासून' ही नोंद बघा, सोर्स उघडा, संबंधित जेईपी वाचा, आणि मग शोधनिबंधांकडे वळा. सुरुवात मेस यांच्या निबंधापासून करा, स्मिथ यांचा प्रबंध त्यानंतर. उलट क्रमाने गेलात तर पहिल्या पन्नास पानांतच दम लागेल.